खूण मी रिकाम्या जागेत ठेवली

थांबा, हे आत्ताच सांगायचंय. आत्ताच्या आत्ता, नाहीतर मी परत काहीतरी कारण काढीन आणि राहून जाईल. समोर एका लग्नपत्रिकेचं प्रूफ पडलंय, गिऱ्हाईक चार वाजता येणार आहे, येऊ दे, बसेल पाच मिनिटं. मी या डीटीपीच्या दुकानात गुजराती, मराठी, हिंदी तिन्ही टाईप करते आणि इतकी फास्ट करते की मालक म्हणतो, बेन, कीबोर्ड तोडी नाखीश तू. म्हणून बोलायला जमत नाही ते टाईप करतेय. चुका झाल्या तर सोडून द्या.

आम्ही इथे गुजरातेत, भेस्तानला राहतो. पप्पा लूम्सवर, म्हणजे कापडाच्या मागांवर आहेत. आई घरी साड्यांचं धागा कटिंग करते, म्हणजे साडीच्या उलट्या बाजूला जे दोरे लोंबतात ना, ते कात्रीने साफ करायचे. सकाळी गठ्ठा येतो, संध्याकाळी जातो, घरात कायम दोरेच दोरे, भातात सुद्धा निघतात. मूळ आम्ही खानदेशातले, पण मी जन्मले इथेच. शाळेत गुजराती, गल्लीत हिंदी, आणि घरात आई अहिराणीत बोलते, मी मराठीत उत्तर देते. ती म्हणते, "तू कोनी पोर शे, माले समजस नही." कुणाची पोर आहेस, मला कळत नाही. हसत म्हणते, पण म्हणते.

आता आईचा आवाज. कसं सांगू? बारीक नाही, गोड पण नाही. थोडा खरखरीत, पण लांबपर्यंत जातो. आमच्याकडे खानदेशातल्या कुठल्याही घरी हळद असली की आईला निरोप यायचाच. आणि आमच्या हळदीच्या गाण्यांची एक पद्धत आहे, ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. एकटी बाई गातच नाही. एक जण ओळ सोडते आणि गप्प बसते, मग समोरच्या बायका त्याचं उत्तर म्हणतात. मग परत ती. आई ओळ सोडणारी. ओळ सोडली की मान जराशी तिरकी करून थांबायची, समोरून उत्तर आलं की खूश. मी लहानपणापासून हे बघितलंय, पण मी कधीच उत्तर म्हणणाऱ्या बायकांत बसले नाही. मी बाहेर मैत्रिणींबरोबर हिंदी पिक्चरच्या गाण्यांवर नाचत असायचे. हे पण सांगून टाकते.

मी डिप्लोमाला होते, इलेक्ट्रॉनिक्स. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. सगळ्यांनी घेतले तेच ते, ट्रॅफिक सिग्नल, पाण्याच्या टाकीचा अलार्म. आमचे एक सर कुठलासा कोर्स करून आले होते, झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन. ते म्हणाले, हे नवीन आहे, कोण करणार? आवाजातला वॉटरमार्क. शंभरची नोट उजेडाला धरली की आतलं चित्र दिसतं ना, तसं, पण गाण्यात. कॉम्प्युटरवर गाण्याची फाईल घ्यायची, त्यात एक गुप्त खूण मिसळायची, इतकी हलकी की कानाला ऐकूच येणार नाही. पण आपल्या प्रोग्रॅमला ती सापडते. कुणी गाणं चोरलं, कॉपी केलं, दुसऱ्याचं नाव लावून विकलं, तर आपण म्हणायचं, आणा ती कॅसेट, मशीनला लावा, बघा, ही माझी खूण. मी हात वर केला. वर काय, उभीच राहिले. माझ्या डोक्यात लगेच आई आली. देवाशप्पथ, दुसरं काहीच नाही आलं.

आईला एकच गोष्ट हवी होती. रिंग रोडला एक कॅसेटवाला आहे, आपल्याकडच्या लग्नाच्या गाण्यांच्या कॅसेट काढतो. आईने एकदा माझ्याबरोबर तिथे काचेत लावलेली कव्हरं बघितली, बायांचे फोटो, खाली नावं. घरी आलो. मग कात्री हातात घेऊन म्हणाली, "फोटो नको. पन नाव येवाले जोयजे." फोटो नको, पण नाव यायला पाहिजे. पैशाचं तर तिने विचारलं पण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत लॅब रिकामी होती. सरांनी परवानगी दिली, मी आईला घेऊन गेले. तिने लग्नात नेसायची साडी नेसलेली, आणि लॅबमध्ये ते हिरवे बोर्ड, वायरी, सोल्डरिंगचा वास. टेबलावर माईक. मी म्हणाले, गा. ती म्हणाली, "कोनले?" कोणासाठी? मी म्हणाले, "याला. माईकला." ती इतकी हसली. पण गायली. एकामागून एक सात गाणी गायली. आणि काय केलं असेल? प्रत्येक ओळीनंतर थांबली. मान तिरकी करून. समोर बायका नाहीत, मी आणि सर आणि भिंतीवरचा एक पंखा घरघरतोय. मी हळूच म्हणाले, "आई, थांबू नको ना, टेप चालू आहे." ती म्हणाली, "बायास्ले म्हनू दे. मंग मी म्हनस." बायकांना म्हणू दे, मग मी म्हणते. "पण बायका नाहीत ना इथे!" "नही शेत, पन त्यास्नी जागा तं शे." नाहीत, पण त्यांची जागा तर आहे. सर म्हणाले, राहू द्या, छान वाटतंय. म्हणून फाईलमध्ये आईची ओळ, मग तेवढीच रिकामी जागा, मग ओळ, मग रिकामी जागा.

आता माझी चूक. सरांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं. खूण नेहमी मोठ्या आवाजात लपवायची. मोठ्या आवाजाखाली बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, म्हणून तिथे ती टिकते. आणि मुख्य म्हणजे, चोर गाणं घेईल तर आवाज घेणारच, आवाज तर टाकून देणार नाही! किती सोपं आहे. मला पाठ होतं. पण मी कॉम्प्युटरसमोर बसले, हेडफोन लावले, आईची ओळ ऐकली, आणि त्यात ती माझी खूण मिसळायची म्हटल्यावर माझा हातच गेला नाही. ऐकू येणार नाही हे माहीत होतं. तरी वाटलं, आईच्या आवाजात मी कचरा कशाला टाकू? एकदम शुद्ध राहू दे ना तिचा आवाज. म्हणून मी काय केलं, सगळी खूण त्या रिकाम्या जागांमध्ये टाकली. तिथे पंख्याची घरघर होतीच, त्या घरघरीत मिसळून गेली. किल्ली म्हणून एक नंबर लागतो, तो मी माझा रोल नंबर दिला. कॅसेटवर उतरवून परत कॉम्प्युटरमध्ये घेतलं, प्रोग्रॅम चालवला, आणि स्क्रीनवर सपाट रेघेच्या मधोमध एक सुळका उभा! म्हणजे खूण सापडली! मी आईला दाखवायला परत लॅबमध्ये नेलं. म्हटलं, "आई, ही तू." ती चष्मा पुसून बघते आणि म्हणते, "इतली बारीक मी लगीनमा बी नही व्हती." इतकी बारीक मी लग्नात पण नव्हते. सर खुर्चीत हसून हसून लाल.

सरांनी विचारलं होतं, "कुठे टाकलीस खूण?" मी म्हटलं, "सगळीकडे, सर." थाप मारली. सुळका दिसत होता, त्यांनी विश्वास ठेवला.

ज्या एका दुकानात सीडी लिहून मिळायची तिथून सीडी करून आणली आणि आम्ही दोघी रिंग रोडला गेलो. कॅसेटवाल्याने दोन गाणी ऐकली, बोटाने टेबलावर ठेका धरला, म्हणाला, "बेन, अवाज सारो छे. पण म्युझिक वगर कोण लेशे?" आवाज चांगला आहे, पण म्युझिकशिवाय कोण घेणार. सीडी ठेवून जा, कळवतो. मी ऐटीत ठेवली. मला भीती नव्हतीच, उलट मनात म्हटलं, चोरून तर बघ! दहा दिवसांनी त्याने सीडी परत केली. नाही चालणार, म्हणाला. आईने सीडी पदराला पुसून कपाटात ठेवली आणि धागा कटिंगला बसली.

मग लग्नसराई सुरू झाली. आमच्या गल्लीत मराठवाड्याकडच्या एक काकू आहेत, त्यांनी सून आणली ती खानदेशातली, म्हणून हळदीला आईला बोलावलं. दुपारची वेळ, मांडवात बायका बसलेल्या. आई जाऊन पुढे बसली, घसा साफ केला, तेवढ्यात काकूंच्या धाकट्या पोराने टेप लावला. मोठा स्पीकर. ढोलकी, कीबोर्ड, आणि मग आई.

मी पाणी वाटत होते, जग हातात तसाच. आईचीच ओळ! खरखरीत, लांब जाणारी. ओळ संपली आणि जिथे रिकामी जागा होती तिथे चार-पाच बायकांचं कोरस. उत्तर. मग परत आई. अगदी बरोबर तेवढ्याच वेळात बसवलेलं, कारण आईने जागा सोडलेलीच होती ना! त्यांना काहीच करावं लागलं नाही.

आई उभी राहिली. म्हणाली, "हाऊ मन्हा आवाज शे." हा माझा आवाज आहे. कुणाला स्पीकरमुळे ऐकू आलं नाही, म्हणून परत म्हणाली, मोठ्याने. काकूंनी कॅसेटचं कव्हर उचललं, त्यावर एका नटलेल्या बाईचा फोटो, खाली तिचं नाव. काकू म्हणाल्या, "व्हय का ओ ताई? मग ह्या लिपिष्टिक लावून तुमीच बसल्यात का?" सगळ्या हसल्या. वाईट मनाने नाही हसल्या, हळदीत हसतातच. दुसरी म्हणाली, "बसा मावशी, तुम्हाला काय तरास, कॅसेट लावलीय की." आई खाली बसली. पुढे नाही, मागे, चपलांजवळ.

आणि मी काय केलं? मी जग खाली आपटला आणि सगळ्यांसमोर ओरडले, "हा आईचाच आवाज आहे! मी सिद्ध करून दाखवीन! त्यात मी खूण टाकलीय, मशीनमध्ये दिसते! बघाच तुम्ही!" आईने माझ्याकडे बघितलं, मान वर केली. तिला खरं वाटलं. तिला पूर्ण खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काकूंकडून कॅसेट मागून घेतली, आईला घेऊन लॅब. सर होते. कॅसेट लावली, फाईल बनवली, प्रोग्रॅम चालवला. सपाट रेघ. मी म्हटलं, टेपचा वेग वेगळा असेल, वेग जुळवला. सपाट. दुसरं गाणं घेतलं. सपाट. तिसरं. आई स्क्रीनकडे बघत होती, सुळका कधी येतो म्हणून. सरांनी हेडफोन घेतले, थोडं ऐकलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गॅपमध्ये टाकलेलीस?"

मी मान हलवली, हो.

"त्यांनी गॅप कापून कोरस भरलाय. तुझी खूण कापलेल्या तुकड्यात गेली." आवाज अख्खा घेतला होता, एक ओळ सुद्धा सोडली नव्हती. फक्त मी जिथे खूण ठेवली तेवढंच फेकून दिलं होतं. त्यांना माहीतही नव्हतं की तिथे काही आहे.

आईने विचारलं काय झालं. मी सांगितलं, मराठीत, तुटक तुटक, की तुझ्या आवाजात नाही टाकली, बाजूला टाकली, तुझा आवाज खराब होईल म्हणून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मन्हा आवाज काय काचना व्हता का?" माझा आवाज काय काचेचा होता? एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

मला वाटलं संपलं, पण आईच म्हणाली चल दुकानात. दुकानात कॅसेटवाला ओळखसुद्धा दाखवेना. मी सीडी काढली, गुजरातीत भांडले, तुमच्या घरात आई-बहीण नाही का, सगळं बोलले. तो म्हणाला, "बेन, शुं साबिती छे?" पुरावा काय? माझी कॅसेट ऐकून, तसंच गाऊन सीडी तर कुणी पण बनवू शकतं. तेव्हा आईने पदर कमरेला खोचला आणि तिथेच, काउंटरसमोर, गायला लागली. लॅबमधल्या सातांतलंच एक, मामाच्या बैलगाडीचं गाणं, गाडी नदीच्या वाळूत अडकते ते. काय आवाज लागला! बाजूच्या साडीच्या दुकानातले लोक बाहेर आले. ओळ संपली आणि आई थांबली. मान तिरकी करून.

माझ्यासाठी थांबली होती. तिथे दुसरं कोण होतं तिचं?

आणि मला उत्तर येत नव्हतं. गाडीत मामाने काय काय आणलंय ते उत्तर असतं, एवढं माहीत होतं, शब्द नव्हते माहीत. त्या फाईली मी दोनशे वेळा ऐकल्या असतील हो, पण त्यात आईच्याच ओळी होत्या ना. उत्तराच्या जागी पंखा होता. आई थांबली तेवढा वेळ थांबली, मग तिनेच पुढची ओळ घेतली, पण आवाज खाली आला होता. दुकानातला एक माणूस म्हणाला, "मस्त नकल करे छे, एकदम कॅसेट जेवुं." मस्त नक्कल करते, अगदी कॅसेटसारखं. टाळी पण वाजवली त्याने. आई मध्येच थांबली आणि मला म्हणाली, "चाल वं माय, घर जाऊ."

त्यानंतर ती हळदीला गेली नाही. निरोप येतात, ती म्हणते, कॅसेट लावा. घरी सुद्धा गुणगुणत नाही, फक्त कात्रीचा आवाज.

आणि आता ते, जे सांगायला मी बसलेय.

प्रोजेक्टला मला फर्स्ट क्लास मिळाला. सर म्हणाले, फसलं कसं हे इतकं छान कुणी लिहीत नाही. काळ्या कव्हरचा, सोनेरी अक्षरांचा रिपोर्ट बाइंड होऊन आला, एक कॉलेजला, एक मला. आईने हात धुऊन तो हातात घेतला. तिला थोडं देवनागरी वाचता येतं, इंग्रजी नाही. एक एक पान उलटत गेली. सुळक्याचं चित्र ओळखलं तिने. सपाट रेघेचं पण. मग विचारलं, "आठे मन्हं नाव कोठे शे?"

इथे माझं नाव कुठे आहे?

मी म्हटलं थांब दाखवते, आणि पानं चाळली. मला खात्री होती की असणारच. आभाराचं पान मी एका सीनियरच्या फ्लॉपीवरून कॉपी केलं होतं, तिथे सर, प्रिन्सिपल, लॅब असिस्टंट आणि शेवटी 'आईवडील', सगळ्यांच्या रिपोर्टमध्ये असतं तसं. मग रेकॉर्डिंगचं पान. तिथे इंग्रजीत लिहिलं होतं, नमुना तीन, स्त्री आवाज, लोकगीत. बस. स्त्री आवाज. मीच टाईप केलेलं, या हातांनी, फास्ट फास्ट, विचार न करता. कॅसेटवाल्याने निदान दुसऱ्या कुणाचं नाव तरी लावलं. मी तर काहीच नाही लावलं.

आणि आई बघत होती. मी तिचं बोट धरलं, त्या 'स्त्री आवाज'वर ठेवलं आणि म्हटलं, "हे बघ. इथे आहे."

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. दोनदा. मग म्हणाली, "इंग्रजीमा कितलं लांब शे मन्हं नाव." आणि हसली. रिंग रोडनंतर पहिल्यांदा हसली. रिपोर्ट तिने देवाच्या फोटोजवळ ठेवला.

हे होऊन तीन महिने झाले. आज सकाळी मी दुकानात निघताना ती म्हणाली, त्या पानाची झेरॉक्स आण. काकूंना द्यायची आहे. काकूंचा धाकटा पोरगा इंग्लिश मीडियमला आहे, तो वाचून दाखवेल सगळ्या बायकांना.

रिपोर्ट माझ्या मांडीवर आहे. मी दुपारी ते पान परत टाईप केलं, त्याच फॉन्टमध्ये, 'स्त्री आवाज' काढून तिथे आईचं पूर्ण नाव टाकलं. दोन मिनिटं लागली. हुबेहूब दिसतंय, प्रिंट दिली की कुणालाच कळणार नाही. पण कॉलेजच्या कपाटातल्या कॉपीत नाव नाहीच, आणि मला कळणार. किंवा घरी जाऊन आईला खरं सांगायचं, की आई, मी तुझं नाव लिहायला विसरले. इथे पण तिचं नाव मी लिहीत नाहीये, कारण निदान या वेळेला तिला आधी विचारायचंय. पण विचारायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल.

पान स्क्रीनवर आहे, प्रिंट दिलेली नाही. गिऱ्हाईक आलंय, समोर उभं आहे, मी हात वर करून एक मिनिट म्हटलंय. तुम्ही सांगा ना, तुमच्या हातून असं झालंय का कधी? आपल्या माणसाचं काही जपायला गेलात आणि त्यांचंच नाव तुमच्याकडून राहून गेलं, असं? आणि मग तुम्ही त्यांना सांगितलंत का?